स्पीडब्रेकरची साक्ष

सहा महिन्यांची पोटुशी ‘पोटात दुखतंय’ म्हणत आली की आम्हा सिस्टर लोकांचे हात आपोआप चालतात. बाळाचे ठोके, लघवीची तपासणी, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन. कोरेगाव भीमात, नगर रोडलगतच्या छोट्या दवाखान्यात त्या रात्री मी सिरिंज भरूनसुद्धा ठेवली होती.

पोरगी लातूरकडची. नवरा सणसवाडीला कंपनीत, राहणं भाड्याच्या खोलीत. सासूचं निदान तयार होतं, “वायगोळा हाय. एरंडेल पाजते म्हणलं तर तोंडच उघडंना.” दुपारी बेंबीभोवती दुखत होतं, संध्याकाळी उजवीकडे सरकलं. दोन उलट्या, अंग जरासं कोमट. रोज चिंच मागणारीला सकाळपासून घोटभर चहाही नकोसा.

डॉक्टर मॅडमनी तिला डाव्या कुशीवर वळवलं. गर्भाशय कललं, दुखणं जागचं हललं नाही. “एका बोटानं दाखव.” बोट बेंबीच्या उजवीकडे, जरा वरच टेकलं. वाढत्या गर्भाशयानं अपेंडिक्स वर ढकललं जाऊ शकतं, तरी बहुतेकींना दुखतं ते उजवीकडे खालीच. म्हणून फसगत. पांढऱ्या पेशी 14,000. पण गरोदरपणात त्या 16,000 पर्यंत तशाही जातात. रिपोर्टनं काहीच कबूल केलं नाही.

मग मॅडमनी नवऱ्याला विचारलं, “रिक्षानं आलात ना? स्पीडब्रेकरवर ही काय करत होती?”

“दर टायमाला माझा दंड आवळून ओरडत होती, मॅडम.”

मला तो प्रश्न म्हणजे थट्टाच वाटली. पण 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत इंग्लंडच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी रुग्णांना हेच विचारलं होतं. अपेंडिक्सला सूज निघालेल्या 34 पैकी 33 जणांचं दुखणं स्पीडब्रेकरवर वाढलं होतं. (अपेंडिक्सला सूज नसलेल्याही बऱ्याच जणांना दुखलं, त्यामुळे एवढ्यावर कुणी पोट उघडत नाही. सोनोग्राफी लागते, तिथे नाही दिसलं तर एमआरआय.)

सिरिंज मी मुकाट्यानं बाजूला ठेवली. वाघोलीचा रस्ता नशिबानं मोकळा होता. पुण्यात दुर्बिणीनं ऑपरेशन झालं. अपेंडिक्स टम्म सुजलेलं, पण फुटलेलं नव्हतं. फुटलं की बाळाचा धोका कैक पटींनी वाढतो.

तेव्हा बायांनो, बेंबीपासूनचं दुखणं उजवीकडे गेलं, थांबेना आणि अन्नावरची वासना उडाली, तर एरंडेलाची बाटली उघडू नका. काही खाऊ-पिऊ न घालता थेट दवाखान्यात आणा. आणि स्पीडब्रेकरवर काय झालं, ते आम्ही विचारायच्या आधी सांगा.