गावाच्या वाट्याचा केंद्रीय निधी : आराखड्यात आपले काम कसे बसवावे?

मावळ तालुक्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत धो धो पाऊस पडतो. वडगाव मावळ येथील कृषि संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेला इंद्रायणी हा सुवासिक भात याच पावसावर वाढतो. मात्र एप्रिल-मे उजाडला की डोंगरकडेच्या अनेक वाड्या-वस्त्यांवरील विहिरी तळ गाठतात आणि बायाबापड्यांना हंडे घेऊन उतरणीला जावे लागते. पावसाचे पाणी गावात अडवायचे तर पैसा लागतो. हा पैसा थोडाफार का होईना, केंद्र शासनाकडून दरवर्षी गावाच्या नावे येतो. परंतु तो कोणत्या कामावर खर्च व्हावा हे ज्या सभेत ठरते, त्या सभेला शेतकरी बहुधा हजर नसतो. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि लगेच भातकापणी अंगावर येते. हे गणित समजून घेतले तर शिवाराच्या उपयोगाची कामे आराखड्यात बसविता येतात.

निधी येतो कोठून?

राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामपंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. पंचायतींकडे सोपविता येतील असे २९ विषय घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आहेत. शेती, लघुपाटबंधारे, पाणलोट विकास, पिण्याचे पाणी आणि रस्ते हे त्यांत येतात.

केंद्राच्या करउत्पन्नातील वाटा ठरविण्यासाठी दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमला जातो. दहाव्या वित्त आयोगाने (१९९५ ते २०००) प्रथमच पंचायतींसाठी अनुदानाची शिफारस केली. त्या वेळी १९७१ च्या ग्रामीण लोकसंख्येवर माणशी १०० रुपये असा हिशेब होता. चौदाव्या आयोगाच्या काळात (२०१५ ते २०२०) हे अनुदान फक्त ग्रामपंचायतींना मिळाले. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामीण स्थानिक संस्थांकरिता २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात त्याची वाटणी ग्रामपंचायत ८० टक्के, पंचायत समिती १० टक्के व जिल्हा परिषद १० टक्के अशी करण्यात आली.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. हा पैसा कोणा पुढाऱ्याची मेहेरबानी नसून तो घटनेतील तरतुदीनुसार गावाला मिळणारा वाटा आहे.

बंधित व अबंधित निधी

पंधराव्या आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातील निधीचे दोन भाग होते. समजा, एखाद्या ग्रामपंचायतीला वर्षाला १० लाख रुपये मिळाले, तर त्याची विभागणी पुढीलप्रमाणे होत असे.

१) स्वच्छता व हागणदारीमुक्त स्थिती टिकविणे : ३ लाख रुपये (३० टक्के, बंधित)
२) पिण्याचे पाणी, पावसाच्या पाण्याची साठवण व पाण्याचा पुनर्वापर : ३ लाख रुपये (३० टक्के, बंधित)
३) गावाच्या गरजेनुसार इतर कामे : ४ लाख रुपये (४० टक्के, अबंधित)

अबंधित निधीतूनही पगार किंवा आस्थापना खर्च करण्यास मनाई होती.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने दुसरा भाग महत्त्वाचा आहे. ‘पिण्याचे पाणी’ म्हणजे केवळ नळ आणि टाकी, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात पावसाचे पाणी साठविणे हे कामही त्याच शीर्षाखाली येत होते. सार्वजनिक विहिरीच्या वरच्या अंगाला ओढ्यावर बंधारा घातला, तर विहिरीचा पाझर टिकतो आणि शेजारच्या जमिनीतील ओलही लांबते.

सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी २०२६-२७ ते २०३०-३१ असा आहे. त्यामुळे वरील टक्केवारी पुढेही तशीच राहील असे गृहीत धरू नये. चालू वर्षाचे प्रमाण ग्रामपंचायतीकडून विचारून घ्यावे.

मावळात कोणती कामे सुचवावीत?

कामाची निवड गावाच्या ठेवणीप्रमाणे करावी. पश्चिमेकडे घाटमाथ्यालगत पाऊस भरपूर असला तरी उतार तीव्र असल्याने पाणी व माती दोन्ही वाहून जातात. तेथे झऱ्यांचे संरक्षण, झऱ्याखाली साठवण टाकी आणि ओढ्यावर लहान बंधारे ही कामे उपयोगी पडतात. पूर्वेकडे तळेगावच्या बाजूला पाऊस झपाट्याने कमी होतो. तेथे जुन्या तळ्यांतील गाळ काढणे, सार्वजनिक विहिरींचे पुनर्भरण आणि शाळा-समाजमंदिराच्या छपरावरील पाणी साठविणे अशी कामे घ्यावीत. पाणंद रस्त्यावरील मोऱ्या व भात वाळविण्यासाठी सार्वजनिक खळे यांसारखी कामे अबंधित निधीसाठी सुचवावीत.

खाजगी शेततळे किंवा एकाच शेतकऱ्याच्या बांधाचे काम सुचवू नये. हा निधी सार्वजनिक कामांसाठी आहे. शेतकरी गटाला गोदाम किंवा प्रतवारीची सोय उभारायची असल्यास २०२० साली सुरू झालेल्या कृषि पायाभूत सुविधा निधीची चौकशी बँकेत करावी. त्यात २ कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जावर जास्तीत जास्त ७ वर्षे ३ टक्के व्याजसवलत मिळण्याची तरतूद आहे. मात्र ते कर्ज असते, अनुदान नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

आराखड्यात काम बसविण्याचे टप्पे

१) मे महिन्यात नोंद करावी. विहीर कोणत्या तारखेला आटली, किती घरांना त्रास झाला, पाणी किती अंतरावरून आणावे लागले हे वहीत लिहून ठेवावे. सभेत तोंडी तक्रारीपेक्षा अशी नोंद अधिक वजनदार ठरते.

२) सप्टेंबरमध्ये, कापणीपूर्वी अर्ज द्यावा. अर्जात कामाचे ठिकाण, गट नंबर व लाभ होणारी कुटुंबे लिहावीत. वाडीतील पाच-पंचवीस जणांच्या सह्या घ्याव्यात. अर्जाची पोहोच जरूर घ्यावी.

३) जागेचा प्रश्न आधी मिटवावा. जागा खाजगी असल्यास मालकाचे लेखी संमतीपत्र लागते. मावळात डोंगरउतारावरील बरीच जमीन वन विभागाची आहे. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) अन्वये पिण्याच्या पाण्याची योजना, पाणी साठवण, रस्ता इत्यादी १३ प्रकारच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते. त्यासाठी ग्रामसभेची शिफारस आवश्यक असते आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागू नयेत, अशी अट आहे. ही तरतूद माहीत नसल्यास ‘वनखात्याची जागा आहे’ एवढ्यावरच काम बाजूला पडू शकते.

४) पहिल्याच सभेला हजर राहावे. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, तर पुढील सभेला ही अट नसते. म्हणजे आपण आलो नाही म्हणून सभा थांबत नाही. उलट थोड्या लोकांत कामे ठरून जातात. एका घरातील सर्वांना कापणी सोडता येत नसेल, तर एकाने तरी यावे. महिलांच्या सभेत पाण्याचे काम आवर्जून मांडावे.

५) ठराव वाचून घ्यावा. काम बोलण्यात आले आणि इतिवृत्तात आले नाही, तर त्याचा उपयोग नाही.

६) आराखडा तपासावा. मंजूर आराखडा व झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. वर्ष, जिल्हा, तालुका व ग्रामपंचायत निवडल्यास माहिती मिळते. घरातील शिकलेल्या मुला-मुलीकडून ही माहिती दर तीन महिन्यांनी पाहून घ्यावी.

निधी का अडतो?

पंधराव्या आयोगाने लेखापरीक्षित हिशेब सर्वांना पाहता येतील असे ठेवण्याची अट घातली होती. लोकनियुक्त मंडळ असणेही आवश्यक होते. २०२२ पासून राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांवर प्रशासक आले आणि त्यांच्या वाट्याच्या अनुदानाला त्याची झळ बसली. म्हणून हिशेब वेळेवर पूर्ण झाले का, हे ग्रामसभेत विचारणे म्हणजे भांडण नव्हे. पुढचा हप्ता मिळावा यासाठी ते आवश्यक आहे.

वडगाव शहराच्या हद्दीत काय?

वडगावला २०१८ पासून नगरपंचायत आहे. ज्यांची शेती व घर नगरपंचायतीच्या हद्दीत आहे, त्यांना ग्रामसभा उरलेली नाही. तेथे निधी शहरी संस्थांच्या वाट्यातून येतो. पाण्याच्या कामासाठी त्यातही बंधित भाग होता. अशा शेतकऱ्यांनी आपले म्हणणे प्रभागाच्या नगरसेवकामार्फत व लेखी अर्जाने नगरपंचायतीकडे मांडावे. हद्दीबाहेरील गावांसाठी मात्र वर सांगितलेली ग्रामसभेचीच पद्धत लागू आहे.

समारोप

एका वर्षाच्या निधीत गावाची सर्व कामे होणार नाहीत. परंतु दरवर्षी एक बंधारा किंवा एक झरा हाती घेतला, तर पाच वर्षांत वाडीचा उन्हाळा पालटू शकतो. बियाणे, खत व मजूर यांची तजवीज आपण हंगामापूर्वी करतो. आराखड्याचाही हंगाम असतो आणि तो भातकापणीच्या तोंडावरच येतो. तेव्हा शेतकरी बंधू-भगिनींनी यंदा विळ्याला धार लावण्यापूर्वी आपल्या वाडीचा अर्ज ग्रामपंचायतीत पोहोचता करावा.