वॅटच्या मोठ्या आकड्याला भुलू नका

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडे गाड्यांत साउंड बसवणाऱ्या कारागीर बंधूंना आम्ही सुचवू इच्छितो की, अॅम्प्लिफायर घेताना खोक्यावरचा 'पीक' आकडा पाहू नये. सतत मिळणारी शक्ती, म्हणजे 'आरएमएस' वॅट, तेवढेच खरे.

क्रॉसओव्हर आवाजाची वाटणी करतो. साधारण 80 हर्ट्झखालचा खर्ज सबवूफरला द्यावा, वरचा आवाज दाराच्या स्पीकरला. लहान स्पीकरवर खर्जाचा भार टाकला तर आवाज फाटतो व पुढे स्पीकरही जातो.

आता विजेचा हिशेब पाहू. 50 वॅटचे चार चॅनेल म्हणजे 200 वॅट. 'क्लास डी' अॅम्प्लिफायर सुमारे 80 टक्के वीज कामी लावतो, म्हणून बॅटरीतून 250 वॅट, 12 व्होल्टवर जवळजवळ 21 अँपिअर ओढले जातात. त्या मापाची तांब्याची वायर वापरावी आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज बसवावा. फ्यूज नसताना वायर पत्र्याला घासली तर गाडी पेटू शकते.

आपल्या खाऱ्या हवेत उघड्या तांब्यावर हिरवा थर चढतो. जोड नीट झाकावेत.

बिलावर आरएमएस वॅटच लिहावेत. वजनकाट्याप्रमाणे येथेही मापात खोट नसावी. गिऱ्हाईक त्यावरच टिकते.