आजीचं माहेरचं नाव काय होतं?

मागच्या पिढ्यांत मुलांची नावं कोणती असत, असं विचारलं की आपण भराभर सांगतो. मुलींच्या नावांपाशी मात्र अडखळतो. आज आम्हाला त्या अडखळण्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी मुलांचं पाहू. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची चाल जुनी. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे पुत्र बाजीराव, आणि बाजीरावांचे थोरले चिरंजीव पुन्हा बाळाजी, म्हणजे नानासाहेब. त्यामुळे ठराविक नावं घराण्यात फिरत राहिली. जोडीला देवांची नावं असतच. १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचं नाव धुंडिराज, म्हणजे गणपतीच. आणि मुलं जगत नसतील तर धोंडू, दगडू, भिकू, केरू! नाव इतकं टाकाऊ ठेवायचं की दृष्ट लागू नये. त्यामागे माया होती.

मुलींना नद्यांची आणि देवींची नावं: गंगा, यमुना, भागीरथी, लक्ष्मी, पार्वती, आपल्या गोदावरीवरून गोदू. पण मुलगी नकोच होती म्हणून ‘नकुशा’ हेही नाव ठेवलं जाई, आणि त्यात माया नव्हती. ही फार जुनी गोष्ट नाही बरं का. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना नवी नावं देण्यात आली.

आता मुख्य मुद्दा. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहीत, आणि जुनं नाव माहेरीच राही. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी, त्याही यमुनाच. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या गोदूबाई पुढे आनंदीबाई झाल्या. या प्रसिद्ध बायका, म्हणून त्यांची दोन्ही नावं आपल्याला कळतात. बाकीच्यांचं काय?

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहा. गाव आणि आडनाव सांगितलं की आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा सापडतात. मुलगी मात्र लग्न होऊन गेली की तिचा धागा दुसऱ्या घराण्याकडे जातो, तोही नव्या नावाने. मग शोधायचं कसं?

नाव पुरुषांचंही बदले. आपले कुसुमाग्रज जन्माने गजानन रंगनाथ. दत्तक गेले आणि विष्णु वामन शिरवाडकर झाले. पण तो बदल सांगितला गेला, लिहिला गेला.

आणि हे नेहमीच असं होतं असंही नाही. याच शहराच्या पांडवलेण्यांत, दुसऱ्या शतकातल्या लेखांत, राजा आईच्या नावाने ओळखला जातो: गौतमीपुत्र सातकर्णी. त्याची आई गौतमी बलश्री स्वतःच्या नावाने दान कोरून ठेवते. तिथल्याच दुसऱ्या लेण्यात नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिचं दान तिच्याच नावाने आहे. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या बायकांची नावं आपण वाचू शकतो, आणि आपल्या पणजीचं माहेरचं नाव ठाऊक नसतं.

म्हणून एक काम सांगतो. आई, दोन्ही आज्या आणि जमल्यास पणज्या यांची माहेरची आणि सासरची नावं, गावासकट, एका कागदावर लिहा. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा, आणि लवकर विचारा. ही नावं बहुतेक घरांत फक्त त्यांच्याच तोंडी उरली आहेत.