गोळ्या संपायच्या आत येणारी गाडी

१९७४ साली ‘हेल्प द एज्ड’ या ब्रिटिश संस्थेचे एक संस्थापक सेसिल जॅक्सन-कोल भारतात आले होते. इथल्या वृद्धांसाठी तशीच संस्था काढायला पैसे द्या, अशी विनंती सॅमसन डॅनियल यांनी त्यांना केली. जॅक्सन-कोल यांनी पैसे दिले नाहीत. निधी कसा उभारायचा ते शिकवायची तयारी दाखवली. तीन महिने लंडनमध्ये शिकून डॅनियल दांपत्य परतलं आणि दिल्लीत त्यांनी शाळकरी मुलांची पदयात्रा काढली. मुलांनी चालायचं, त्यापोटी मोठ्यांनी देणगी द्यायची. एप्रिल १९७८मध्ये ‘हेल्पेज इंडिया’ची नोंदणी झाली.

संस्थेच्या कामांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो तिचा फिरता दवाखाना. डॉक्टर, औषधं देणारा, सामाजिक कार्यकर्ता आणि चालक एवढ्यांना घेऊन गाडी ठरल्या दिवशी वस्तीत येते. रक्तदाब बघायचा, साखर तपासायची, गोळ्या फुकट द्यायच्या आणि त्या संपायच्या आत पुन्हा यायचं. म्हातारपणाचा खर्च असाच, न थांबणारा असतो. ऑपरेशनसाठी घरचे निदान उसनवारी तरी करतात. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी कुणापुढे हात पसरणार? मग गोळी एक दिवसाआड घेतली जाते, आणि हे घरातही कुणाला सांगितलं जात नाही.

सरकारी आधार इथेच तोकडा पडतो. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजना खुली झाली. कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार, ही मोठीच गोष्ट आहे. पण ते रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी. वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळ्यांचा खर्च त्यात बसत नाही. वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात ६० ते ७९ वयोगटासाठी केंद्राचा वाटा दीड दशकाहून अधिक काळ महिना २०० रुपयेच आहे. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेमुळे १५०० मिळतात. त्यातून आधी किराणा येतो.

म्हणून देणगीदार लागतात. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, आणि त्या कामांच्या यादीत वृद्धांच्या सोयी स्पष्ट नमूद आहेत. मात्र असा निधी बहुधा ठरावीक मुदतीच्या प्रकल्पाला मिळतो, आणि मधुमेहाला मुदत नसते. नवी गाडी घेऊन द्यायला दाता पुढे येतो, त्याचे आभारच मानायला हवेत. पण डिझेल, डॉक्टरांचा पगार आणि औषधं यांसाठी दरवर्षी न चुकता देणारे दाते जास्त हवे आहेत. २०२२मध्ये देशात साठीपुढचे सुमारे १४.९ कोटी लोक होते; २०५०पर्यंत ते ३४.७ कोटी होतील, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे.