फोटोवाला की शूटिंगवाला?

कॅमेरा कुठे संपतो आणि कॅमकॉर्डर कुठे सुरू होतो, याचं उत्तर भारत सरकारने मार्च २०१२मध्ये तीन आकड्यांत देऊन टाकलं. परदेशातून येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्याला सीमाशुल्कात सूट हवी असेल, तर किमान ८०० गुणिले ६०० पिक्सेलचं चित्र, सेकंदाला किमान २३ फ्रेमच्या वेगाने, सलग तीस मिनिटं टिपणं त्याला जमता कामा नये. जमत असेल तर सूट नाही. या सवलतीवरून कॅनन कंपनी आणि सीमाशुल्क खातं यांच्यात जे भांडण लागलं, ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च २०२१मध्ये सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने कंपनीच्या बाजूने कौल दिला. नोव्हेंबर २०२४मध्ये सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने पुनर्विलोकनात तो फिरवला. एक सरन्यायाधीश नागपूरचे, दुसऱ्यांचं मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. एवढं मराठी लक्ष लाभूनही तिथे काथ्याकूट झाला तो नोटीस काढायचा अधिकार नेमक्या कोणत्या अधिकाऱ्याला, यावर. हे यंत्र कॅमेरा की कॅमकॉर्डर, हा प्रश्न बाजूलाच राहिला. आणि जीएसटी परिषदेने तर डिसेंबर २०१८मध्ये दोघांना एकाच ओळीत बसवून दोघांचाही कर २८ टक्क्यांवरून १८वर आणला.

पण ग्राहकाच्या उपयोगाचा निकष त्या रुक्ष सरकारी कलमातच आहे. दुकानात उभं राहिलं की मेगापिक्सेल, फोर-के, झूम असे आकडे कानावर आदळायला लागतात. ते जरा बाजूला ठेवावेत आणि स्वतःला एकच विचारावं: बटण दाबल्यावर हे सलग किती वेळ चालू राहायला हवं? उत्तर मिनिटा-दोन मिनिटांचं असेल, तर डिजिटल कॅमेरा. तासात मोजावं लागत असेल, तर कॅमकॉर्डर. बाकीच्या बहुतेक गोष्टी या एका उत्तराच्या पोटात येतात.

पुण्यात हा प्रश्न अंमळ जास्त अडचणीचा आहे, कारण पुणेकराच्या घरातले सोहळे पुष्कळदा स्टेजवर घडतात. मुलीचं अरंगेत्रम, नातवाचं शाळेतलं गॅदरिंग, सोसायटीच्या गणपतीतलं नाटुकलं, काकांच्या एकसष्टीतली (फार लांबलेली) भाषणं, कॉलेजच्या पोरांची एकांकिका. अरंगेत्रम दोन-अडीच तास चालतं आणि त्यातला वर्णमच अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ शकतो. अशा वेळी ऐन रंगात आलेल्या तिल्लान्याला कॅमेऱ्याने मान टाकली, तर घरात महिनाभर त्याचीच चर्चा होते.

कॅमेरा मान का टाकतो? तो मुळात एका क्षणासाठी घडवलेला असतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा. सेकंदाला पंचवीस-तीस वेळा तो वाचायचा, त्या सगळ्या माहितीवर प्रक्रिया करायची आणि ती कार्डावर लिहायची, यात उष्णता भरपूर तयार होते. आणि पावसापाण्यापासून जपलेल्या त्या चिमुकल्या अंगात ती जायला वाट नसते. २०२० साली कॅननचा आर-५ हा आठ-के चित्रण करणारा महागडा कॅमेरा आला, तो चित्रांइतकाच तापण्यासाठी गाजला. पुण्यातल्या मे महिन्याच्या दुपारी, उघड्या लॉनवरच्या लग्नात, तापायला आठ-के लागतही नाही. शिवाय बरेच कॅमेरे तापण्याआधीच २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपणहून थांबत. त्याचं कारण तांत्रिक कमी, करविषयक जास्त: युरोपातही अर्धा तास किंवा त्याहून अधिक चित्रण करणाऱ्या यंत्रावर व्हिडिओ कॅमेऱ्याचा जास्तीचा कर बसत असे. नव्या कॅमेऱ्यांतून ही मर्यादा बहुतांशी गेली आहे, पण जुना घेताना तेवढं विचारून घ्यावं.

कॅमकॉर्डरची घडणच उलटी. सेन्सर छोटा, एक इंची म्हणजे साधारण १३ गुणिले ९ मिलिमीटर, घरगुती मॉडेलात त्याहूनही लहान. त्यामुळे उष्णता कमी, आणि वीस पट ऑप्टिकल झूम तळहातावर मावेल एवढ्या लेन्समध्ये बसतो. फुल-फ्रेमसाठी तेवढ्या पल्ल्याची लेन्स करायची म्हटली तर ती उचलायला माणूस ठेवावा लागेल. झूमची कळ बोटाखाली असते, हळू दाबली की चित्र हळूहळू जवळ येतं. साध्या कॅमेऱ्याच्या लेन्सवरची कडी हाताने फिरवताना बसतो तो हिसका इथे नाही. मागे हवी तेवढी मोठी बॅटरी लावता येते, आणि पुष्कळ मॉडेलांत एक कार्ड भरलं की चित्रण आपोआप दुसऱ्या कार्डावर जातं. छोट्या सेन्सरचा आणखी एक फायदा कुणी फारसा सांगत नाही. त्यात पुढचं-मागचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. दहा मुलींच्या समूहनृत्यात आपली मुलगी मागच्या रांगेत असली, तरी ती धूसर होत नाही. मोठ्या सेन्सरवर पार्श्वभूमी सुंदर विरघळते खरी. पण तिथे दुसऱ्या कुणाची तरी मुलगी असते आणि तिचे आईवडील पुढे तुमच्याकडे क्लिप मागणार असतात.

उणीव एकच, पण मोठी: उजेड. फुल-फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ एक इंचीच्या सातपटीहून जास्त. समईच्या उजेडातली मंगळागौर किंवा सारसबागेतली दिवाळी पाडव्याची पहाट, दिव्यांच्या अर्धवट अंधारातली, कॅमकॉर्डरमध्ये दाणेदार, मळकट येते. तिथे कॅमेऱ्याला तोड नाही.

फोटो आणि चलच्चित्र ही दोन माणसांची दोन कामं, अशी वाटणी आपल्याकडे फार जुनी नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, हे मुंबईतले फोटोग्राफर. जुलै १८९६मध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली आणि ती पाहून त्यांनी विलायतेहून चलच्चित्राचा कॅमेरा मागवला. १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती त्यांनी टिपली. १९०१ अखेर केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचं स्वागतही टिपलं. पुण्याच्या फर्ग्युसनचे हे भावी प्राचार्य अशा रीतीने आपल्याकडच्या अगदी आरंभीच्या वार्तापटाचे नायक ठरले. दादासाहेब फाळक्यांचाही आधी गोध्र्यात फोटो स्टुडिओ होता. १९१२मध्ये विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी काय केलं, तर कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करून टिपली. एकेक स्थिर फोटो, आणि सलग दाखवले की सिनेमा! आज मोबाइलमध्ये ‘टाइमलॅप्स’ नावाने जे बटण असतं, तेच हे.

घरगुती व्हिडिओसाठी वेगळी यंत्रं आली ती १९८०च्या दशकात. १९८३मध्ये सोनीचा बीटामूव्ही आला, १९८५मध्ये त्याच कंपनीचा पहिला हँडीकॅम. १९९५मध्ये मिनी-डीव्ही कॅसेट आली, आणि पुढे अमेरिकेहून येणाऱ्या जावयाच्या सामानात हँडीकॅम दिसू लागला. मग २००८मध्ये निकॉनचा डी-९० आणि कॅननचा ५-डी मार्क टू, फोटोच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ घेऊन आले आणि भिंत पुन्हा पडली. त्यानंतर मोबाइलने दोघांनाही खाल्लं. जपानी उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार २०१०मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते. २०२०मध्ये ९० लाखही नाहीत. घरगुती कॅमकॉर्डरची तर आता मोजकीच मॉडेलं उरली आहेत.

तरी कॅमकॉर्डर मेला नाही, हे पाहायचं असेल तर लग्नसराईत कोणत्याही मंगल कार्यालयात जावं. तिथे हल्ली दोन पथकं असतात. एक खांद्यावर मोठा व्हिडिओ कॅमेरा घेतलेला ‘शूटिंगवाला’: सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत अखंड चित्रण, आहेर देणारा एकही माणूस सुटता कामा नये. दुसरं पथक पोरांचं, गिंबलवर, म्हणजे हाताचे हिसके जिरवणाऱ्या दांड्यावर, मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा लावलेलं, पाच-दहा सेकंदांचे तुकडे गोळा करणारं. पहिलं मावशीसाठी, दुसरं नवरा-नवरीच्या तीन मिनिटांच्या रीलसाठी. दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र वीस वर्षांनी कोणतं चित्रण काढून पाहिलं जाईल, असं मला विचाराल तर मी मावशीच्या बाजूचा. गेलेली माणसं त्या लांबलचक, कंटाळवाण्या चित्रणातच बोलता-चालताना सापडतात.

आवाजाकडे कुणीच बघत नाही, आणि चित्रण सर्वांत जास्त फसतं ते तिथेच. कॅमेऱ्यातला छोटा माइक लेन्सची घरघर पकडतो, शेजारच्याचं खोकणं पकडतो, आणि तीस फुटांवरचा गायक मात्र विहिरीतून आल्यासारखा वाटतो. व्यावसायिक कॅमकॉर्डरला एक्सएलआर माइकची जोडणी असते. साउंडवाल्याला आधी भेटून त्याच्या मिक्सरमधून थेट लाइन घेता येते. कॅमेऱ्याला निदान ३.५ मिलिमीटरचं माइकचं भोक असायलाच हवं. नसेल तर तो व्हिडिओसाठी घेऊ नये. आणि खास पुणेरी संकट म्हणजे ढोल-ताशा. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर पथकापासून दहा फुटांवर उभं राहून केलेलं चित्रण घरी ऐकलं, तर फाटक्या स्पीकरचा आवाज येतो. यंत्र आवाजाची पातळी आपोआप वरखाली करत असतं, तिथे हा घोटाळा होतो. ‘ऑटो’ बंद करून पातळी हाताने खाली आणता येते का, हे दुकानातच मेनू उघडून बघावं.

तसंच विजेचं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे व्हिडिओ सेकंदाला २५ किंवा ५० फ्रेमचा आणि शटर पन्नासांश सेकंदाचं ठेवलं, तर ट्यूबलाइट-एलईडीखाली चित्रावर पट्टे फिरत नाहीत. अमेरिकेतून आणलेलं यंत्र ६० हर्ट्झच्या हिशेबाने लावलेलं असतं. नव्या कॅमेऱ्यांत पुष्कळदा मेनूतून ‘पाल’, म्हणजे आपली ५० हर्ट्झची पद्धत, करता येते. जुन्या कॅमकॉर्डरमध्ये नाही. वर इथल्या दुरुस्ती केंद्रात त्याची वॉरंटी चालत नाही ते वेगळंच.

‘फोर-के घ्या, त्यातूनच फोटो काढता येतील,’ असं विक्रेता हमखास सांगतो. ते अर्धं खरं. फोर-केची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख पिक्सेल. अल्बममधल्या प्रिंटला पुरेशी. पण पन्नासांश सेकंदाच्या शटरवर गिरकी घेणाऱ्या नर्तकीचा हात पुसट येतो, आणि उडणाऱ्या अक्षतांची नुसती रेघ येते. फोटोला सेकंदाच्या पाचशेव्या भागाचं शटर लागतं. दोन्ही एकदम नाही मिळत.

पक्षी बघणाऱ्यांचं त्रांगडं निराळं. पुण्याहून शंभर किलोमीटरवर भिगवणला, उजनीच्या फुगवट्यात हिवाळ्यात रोहित येतात. तिथे पल्ला हवा, वजन नको, आणि फोटो-व्हिडिओ दोन्ही हवेत. निकॉनच्या पी-९००सारखे ८३ पट झूमचे ब्रिज कॅमेरे होडीत बऱ्याच गळ्यांत दिसतात ते याचसाठी. फक्त ‘डिजिटल झूम’चे आकडे हिशेबात धरू नयेत, तो नुसता कापून मोठा केलेला तुकडा असतो.

खर्च यंत्रापाशी थांबत नाही. सेकंदाला १०० मेगाबिट दराने फोर-के चित्रण केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. अडीच तासांच्या अरंगेत्रमला शंभराच्या वर. घरच्या कार्यक्रमाला २५ मेगाबिटचं फुल-एचडी भरपूर होतं, तासाला ११ जीबी. तिवई, माइक, जादा बॅटरी आणि दोन हार्डडिस्क यांचे पैसे आधी बाजूला काढावेत आणि उरलेल्यात कॅमेरा बसवावा. पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, म्हणून चामड्याच्या पिशवीत गुंडाळून कपाटात टाकण्याऐवजी सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवावा.

तर कौल असा. लहान मूल, सिंहगड, कोकणातली सहल, सणवार एवढंच टिपायचं असेल, तर मिररलेस कॅमेरा आणि त्यासोबत एक बरा माइक. नृत्याचा क्लास, हौशी नाट्यसंस्था, व्याख्यानमाला, भजनी मंडळ चालवत असाल, तर निःसंकोच कॅमकॉर्डर. पाहून, तपासून घेतलेला सेकंडहँडही चालेल. तपासताना तो दुकानात सलग तासभर चालवून बघा, दुकानदार कितीही वैतागला तरी. वर्षातून एकदाच गरज असेल तर विकत कशाला, भाड्याने आणा. आणि हातात आधीच चांगला मोबाइल असेल, तर तिवई आणि माइक घेऊन या दिवाळीला थांबलात तरी काही बिघडत नाही.

फक्त नवं यंत्र घरात आलं म्हणून जुना हँडीकॅम भंगारात किंवा जुन्या बाजारात देऊ नका. तुमच्या मिनी-डीव्ही कॅसेट चालवणारं ते बहुधा घरातलं एकमेव यंत्र आहे. त्याची फायरवायरची केबल नव्या लॅपटॉपला लागतही नाही. चुंबकीय फीत दर पावसाळ्यागणिक खराब होते. आधी त्या कॅसेट डिजिटल करून घ्या, दोन ठिकाणी साठवा, आणि मग नव्या खरेदीला बाहेर पडा.