कॉफी भाजणीचा लघुउद्योग : नीती आणि निसर्ग यांची कसोटी

महाराष्ट्र हा प्रामुख्याने चहा पिणाऱ्यांचा प्रदेश. कॉफीचे पीक आपल्या राज्यात अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याच्या डोंगरावर, तेही अल्प प्रमाणात येते. असे असूनही गेल्या काही वर्षांत मुंबईसारख्या शहरांतून कॉफीची कच्ची बी थेट मळेवाल्यांकडून विकत घेऊन ती स्वतः भाजणारे छोटे, स्वतंत्र उद्योग उभे राहिले आहेत. शेतकऱ्याला रास्त दाम द्यावयाचा आणि निसर्गाला अपाय होऊ द्यावयाचा नाही, असे त्यांपैकी अनेकांचे ब्रीद असते. ब्रीद स्तुत्य आहे. परंतु ते आचरणात आहे की केवळ वेष्टनावर, हे कसे ओळखावे? असा उद्योग उद्या एखाद्या औद्योगिक वसाहतीत येऊ लागला, तर त्याला भूखंड, कर्ज किंवा दाखला देणाऱ्यांना या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असावयास हवे.

कागलचे स्थान

या दृष्टीने कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. वस्त्रोद्योग, ओतकाम आणि यंत्रनिर्मिती यांसाठी ही वसाहत ओळखली जाते. देशातील सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात, मुख्यतः चिक्कमगळूरु, कोडगू आणि हासन या जिल्ह्यांत पिकते, आणि तेथून पुणे-मुंबईकडे येणाऱ्या मालाचा एक प्रमुख मार्ग म्हणजे कागलवरून जाणारा पुणे-बंगळूरु महामार्ग होय. कच्ची बी कोरड्या जागी कित्येक महिने टिकते. भाजलेल्या बीचा स्वाद मात्र काही आठवड्यांतच उतरू लागतो. म्हणून भट्टी ही मळ्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या जवळ असणे सोयीचे ठरते. भाजताना बीचे वजन १५ ते २० टक्क्यांनी घटते. म्हणजे १०० किलो कच्च्या बीपासून ८० ते ८५ किलो माल हाती येतो. उद्योजकाचा सारा हिशेब या घटीपासून सुरू होतो.

दामाचा प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यातील ऊस उत्पादकाला रास्त आणि किफायतशीर दराचे कायदेशीर संरक्षण आहे. कॉफी उत्पादकाला असा किमान दर नाही. १९४२ च्या कायद्यान्वये कॉफी मंडळ बागायतदारांचा माल एकत्र करून विकत असे. १९९० नंतरच्या दशकात हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आले, आणि १९९६ पासून बागायतदाराला आपला सर्व माल खुल्या बाजारात विकण्याची मुभा मिळाली. स्वतंत्र भाजणी उद्योगाला थेट खरेदी करता येते ती या बदलामुळेच. मात्र त्याबरोबरच जागतिक बाजारातील चढउतारही थेट शेतकऱ्याच्या अंगणात आले. या शतकाच्या आरंभी भाव इतके कोसळले की अनेक बागायतदार कर्जात रुतले. उलट २०२५ च्या फेब्रुवारीत अरेबिका जातीच्या भावाने उच्चांक गाठला. देशातील बहुसंख्य कॉफी बागायतदार १० हेक्टरांहून कमी जमीन असलेले आहेत. असे चढउतार सोसण्याची शक्ती त्यांच्यात नसते.

तेव्हा पहिली कसोटी दामाची. उद्योजकाने मालाची किंमत केव्हा ठरविली, बाजारभावापेक्षा किती अधिक दिली, आणि भाव उतरल्यावर खरेदीचा शब्द पाळला काय, हे खरेदीच्या पावत्यांवरून दिसले पाहिजे. आंध्र प्रदेशातील अराकू खोऱ्यात आदिवासी शेतकऱ्यांनी सहकारी संघाच्या मार्गाने आपली कॉफी परदेशी बाजारपेठेपर्यंत नेली, आणि २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. दूध आणि साखर या क्षेत्रांत सहकार रुजविणाऱ्या कोल्हापूरला ही वाट अपरिचित वाटू नये.

मळ्यातील सावली आणि पाणी

भट्टीला पाणी फारसे लागत नाही. पाण्याचा खरा वापर मळ्यात होतो. पिकलेल्या फळाचा गर काढून बी धुण्याच्या पद्धतीत भरपूर पाणी लागते, आणि ते साखर व सेंद्रिय द्रव्ये मिसळलेले सांडपाणी तसेच ओढ्यात सोडल्यास त्यातील प्राणवायू संपून जलचर मरतात. फळ सालीसकट उन्हात वाळविण्याच्या पद्धतीत हा प्रश्न बराच कमी होतो. म्हणून बी कोणत्या पद्धतीने तयार केली आणि धुतलेल्या पाण्याचे पुढे काय झाले, हे उद्योजकाने मळेवाल्यास विचारावयास हवे.

तीच गोष्ट सावलीची. भारतात कॉफी परंपरेने पश्चिम घाटातील मोठ्या झाडांच्या छायेत, मिरीच्या वेलींसह वाढविली जाते. ही झाडे माती धरून ठेवतात आणि पक्ष्यांना आसरा देतात. अधिक उत्पन्नासाठी विविध देशी झाडे काढून एकाच जातीची झाडे लावली, तर हा समतोल बिघडतो. युरोपीय संघाने २०२३ मध्ये संमत केलेल्या नियमानुसार २०२० नंतर जंगल तोडून घेतलेली कॉफी तेथील बाजारात आणता येणार नाही. मळ्याचा नेमका ठावठिकाणा नोंदवून ठेवणे त्यामुळे व्यवहाराच्या दृष्टीनेही हिताचे आहे.

धूर, कामगार आणि वेष्टन

सुमारे २०० अंश सेल्सियस तापमानाला भाजताना धूर निघतो आणि बीवरील पातळ पापुद्रे उडतात. पापुद्रे भोवऱ्यासारख्या फिरत्या हवेने वेगळे करणारे धूलिसंकलक आणि गरजेप्रमाणे धूर पुन्हा जाळणारी यंत्रणा बसविता येते. गोळा झालेले पापुद्रे कंपोस्ट खतात मिसळता येतात. ताज्या भाजलेल्या बीतून कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइडही बाहेर पडतो. तेव्हा साठवण आणि दळण यांच्या खोलीत हवा खेळती ठेवणे हा कामगारांच्या जिवाचा प्रश्न आहे. शेतकऱ्याशी सचोटीने वागणाऱ्याने भट्टीवरील मजुराकडे दुर्लक्ष केले, तर त्या सचोटीला अर्थ उरत नाही.

वेष्टनही बोलके असावे. चिकोरी मिसळलेल्या कॉफीत कॉफीचे प्रमाण किमान ५१ टक्के असणे आणि मिश्रणाचे प्रमाण छापणे कायद्याने आवश्यक आहे. भाजल्याची तारीख, मळ्याचे नाव आणि रिकामे वेष्टन परत घेण्याची सोय या गोष्टी उद्योजकाने स्वेच्छेने कराव्यात.

कोल्हापूरची परंपरा

पेयाच्या पेल्यातून नीतीचा धडा देण्याची परंपरा कोल्हापूरला नवी नाही. कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढण्यास साहाय्य केले आणि तेथे स्वतः चहा घेऊन अस्पृश्यतेवर आघात केला. त्या कृतीचे मोल सर्वांसमक्ष केलेल्या आचरणात होते. आजच्या उद्योगालाही हाच न्याय लावावयास हवा. खरेदीच्या पावत्या, मळ्याची नोंद, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नियमांचे पालन, कामगारांची हजेरी व वेतन आणि वेष्टनावरील खरा मजकूर ही पाच प्रमाणे जो उद्योजक कोणालाही उघडून दाखवील, त्याला औद्योगिक वसाहतीने, बँकेने आणि ग्रामपंचायतीने आपुलकीने साथ द्यावी. शिक्षकांनीही विद्यार्थ्यांना एखाद्या परिचित वस्तूचा शेतापासून घरापर्यंतचा असा हिशेब मांडावयास शिकवावे. गुळाची ढेप असो वा कॉफीची पुडी, तिच्यामागे कोणाचे श्रम आहेत आणि कोणाचे पाणी आहे, हे विचारणारा ग्राहक तयार झाला, तर सचोटीचा उद्योग बाजारात टिकून राहील.