काट्यावरचें वजन आणि अंगांतलें बळ

देहूरोडहून लोकलनें पुण्यास कामावर जाणारा एखादा सडपातळ गृहस्थ औषधाच्या दुकानांतील काट्यावर उभा राहतो आणि बेताचा आंकडा पाहून समाधान पावतो. पण काटा केवळ शरीर किती जड आहे तेवढेंच सांगतो. तो जडपणा स्नायूंचा कीं मेदाचा, हें त्यावरून कळत नाहीं.

याचें मासलेवाईक उदाहरण पुण्याचेंच आहे. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत आपलें एकत्र छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजन दाखविणारा शरीरभारांक दोघांचाही २२.३, मेद मात्र युडकिन यांच्या अंगांत ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगांत २१.२ टक्के! पुण्याजवळील सहा खेड्यांतील नवजात अर्भकांतही हेंच दिसून आलें. त्यांचें सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचें ३.५, परंतु उणीव होती ती मुख्यतः स्नायूंची, मेदाची फारशी नव्हे.

पोटांतील मेद हा निमूट पडून राहणारा सांठा नव्हे. त्यांतून दाह चेतविणारीं द्रव्यें रक्तांत उतरतात, इन्सुलिनचें कार्य मंदावतें आणि मधुमेहास वाट मिळते. उलट, रक्तांतील साखर ओढून घेणारें मोठें कोठार म्हणजे स्नायू.

२०२५ सालीं टिर्झेपेटाइड भारतांत आलें, आणि वजन उतरविण्यासाठीं सेमाग्लुटाइडचें इंजेक्शनही त्याच वर्षीं मिळूं लागलें. आंतड्यांतील संप्रेरकांचें अनुकरण करून हीं औषधें भूक कमी करतात. पण घटलेल्या वजनांत मेदाबरोबर स्नायूंचाही वांटा असतो. ज्याची मूळ पुंजीच थोडी, त्यानें हा खर्च जपून केला पाहिजे. म्हणून असें औषध वैद्यांच्या देखरेखीखालींच घ्यावें. जोडीस डाळी, उसळी, दूध, अंडीं आणि स्नायूंना ताण देणारा व्यायाम असावा.

पूरकांविषयींही तारतम्य हवें. आहारांतून प्रथिनें पुरेशीं मिळत असतां डब्यांतील भुकटीची गरज नाहीं. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यानें तर ती विचारल्यावांचून घेऊं नये. आमटींतील हळद निर्धोक. परंतु मिऱ्याचा अर्क मिसळलेल्या तीव्र हळदीच्या गोळ्यांनीं यकृतास इजा झाल्याचीं उदाहरणें नमूद आहेत.

काट्याबरोबरच कमरेला फीत लावावी आणि हाताचा आधार न घेतां खुर्चींतून उठतां येतें कीं नाहीं, हेंही पाहावें.